पाळणाघराची वास्तू आणि शासनाचे भांडवल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



बालसंगोपनाचा विषय निघाला की महाराष्ट्रात पहिले नाव ताराबाई मोडक यांचे घ्यावे लागते. १९४५ साली ताराबाईंनी मुंबई सोडून बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्राचा प्रारंभ केला. गावातील बालवाडीत सुखवस्तू घरची मुले येत. दलित वस्तीतील आणि आदिवासी पाड्यावरील मुले मात्र येत नसत. तेव्हा मुले शाळेकडे येत नाहीत तर शाळेनेच मुलांकडे जावे, असा सरळ विचार करून ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ वस्तीतल्या अंगणात जाऊन बसू लागल्या. मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, गाणी-गोष्टी हे सारे तेथेच. त्या अंगणातून ‘अंगणवाडी’ हा शब्द जन्मास आला आणि पुढे तो साऱ्या देशाने स्वीकारला. पुढे १९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र नांदणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली.

या इतिहासात एक बाब सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. अंगणवाडी ही संस्था मुळात इमारतीवाचून जन्मली. भिंत नाही, छप्पर नाही, भांडवल नाही. ताराबाईंच्या हाती ते सामर्थ्य ठरले, कारण वस्तीचा विश्वास हेच तेथे छप्पर होते. परंतु तीच गोष्ट शासनाने योजना म्हणून स्वीकारली तेव्हा इमारतीचा प्रश्न अनुत्तरित ठेवणे शासनास फारच सोयीचे झाले, असे म्हणणे भाग आहे.

व्यापारशास्त्राचा पहिला धडा असा की खर्च दोन प्रकारचा असतो, एक भांडवली आणि दुसरा महसुली. कापडाच्या पेठेत ज्याचा गाळा स्वतःच्या मालकीचा, तो मंदीची दोन वर्षे दात आवळून काढतो. ज्याचा गाळा भाड्याचा, त्यास पहिल्याच पडत्या हंगामात ताग्यांची आवराआवर करावी लागते. दोघांचा माल एक, गिऱ्हाईक एक, कष्टही सारखेच. अंतर पडते ते स्थिर भांडवलाचे. पाळणाघराचेही असेच आहे. सेविकेचे मानधन, मुलांचा खाऊ, औषधे हा महसुली खर्च. जागा, बांधकाम, शौचालय, पाण्याची सोय, कुंपण, पाळणे, खेळणी हा भांडवली. पहिला खर्च महिन्यागणिक भागवता येतो. दुसरा एकरकमी करावा लागतो, आणि तो करणार कोण, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

स्वातंत्र्यानंतर भारतीय कायद्याने या प्रश्नास दिलेले पहिले उत्तर होते ‘मालकाने’. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४८ प्रमाणे पन्नासांहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात पाळणाघर आवश्यक ठरले. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आली. १९५१ मध्ये चहा-कॉफीच्या मळ्यांस, १९९६ मध्ये बांधकाम व्यवसायास अशाच स्वरूपाचे बंधन लागू झाले. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. परंतु भांडवलाचा सारा भार एकट्या मालकावर आणि तोही स्त्रियांच्या संख्येवर टाकल्याचा परिणाम जो व्हायचा तोच झाला. तिसावी बाई कामावर घेतली तरी चालेल, एकतिसावी घेतली की खोली बांधावी लागेल; मग एकतिसावी घेतली न जाणे, ही कामगार चळवळीची जुनी तक्रार आहे. व्यापाऱ्यास दोष देणे सोपे आहे, पण कायद्याने जर एखाद्या माणसाच्या नेमणुकीवरच खर्चाचा शिक्का मारला तर हिशेबी मनुष्य तो शिक्का टाळणार, हेही कायदा लिहिणाऱ्यास कळावयास हवे होते. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा ही चूक काहीशी सुधारली. पन्नास किंवा अधिक कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, असतील तेथे पाळणाघर आवश्यक ठरले आणि मातेस दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने आणखी एक पाऊल टाकले आहे. अनेक आस्थापनांनी मिळून सामायिक पाळणाघर चालविणे किंवा शासनाच्या, नगरपालिकेच्या, स्वयंसेवी वा खासगी संस्थेच्या पाळणाघराचा लाभ घेणे आता मान्य आहे. म्हणजे प्रत्येकाने आपली वेगळी खोली बांधण्याची सक्ती उरली नाही. मात्र सामायिक खोली कोणी बांधावी, हा प्रश्न तेथेच उभा आहे.

दुसरे उत्तर होते ‘स्वयंसेवी संस्थेने’. नोकरदार व आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालविणाऱ्या संस्थांस साहाय्य देण्याची केंद्राची योजना १९७५ ची. १९९४ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर निधी स्थापन झाला आणि १ जानेवारी २००६ पासून दोहोंचे एकत्रीकरण होऊन राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना अस्तित्वात आली. तिचा हिशेब मांडण्याजोगा आहे. २५ मुलांच्या एका पाळणाघरास वार्षिक अनुदान ४२,३८४ रुपये, म्हणजे मासिक ३,५३२. त्यातून दोन सेविकांस प्रत्येकी १,००० रुपये मानधन दिले की उरतात १,५३२ रुपये. त्यात २५ बालकांचा पोषक आहार, औषधे आणि किरकोळ खर्च. मुलामागे पडतात मासिक ६१ रुपये. या जमाखर्चात वास्तू कोठेच नाही. जागा संस्थेने आणावी, असे गृहीतच धरलेले. ज्या संस्थेकडे स्वतःचे सभागृह होते तिने पाळणाघर चालविले. जिच्याकडे नव्हते तिने भाड्याची खोली घेतली आणि भाडे वाढताच ती बंद केली.

२०१७ मध्ये ही योजना राज्यांकडे सोपविली गेली, खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० टक्के अशी ठरली. एके काळी वीस हजारांहून अधिक असलेली पाळणाघरे २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आत आली. हे आकडे वाचताना वाटते की बंद पडलेल्या प्रत्येक पाळणाघरामागे पंचवीस मुले आणि पंचवीस माता आहेत. त्या माता दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या असतील का, आणि गेल्या असल्यास बाळ कोणाच्या हाती देऊन गेल्या असतील? बहुधा सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीच्या. तिची शाळा तेथे सुटते. पाळणाघर बंद पडते त्याची नोंद एका खात्यात होते, आणि थोरलीची शाळा सुटल्याची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही. २०२२ पासून या योजनेची जागा ‘पाळणा’ योजनेने घेतली असून निवडक अंगणवाड्यांतच पाळणाघर जोडण्याचे धोरण तिच्यात आहे. तसे पाहिले तर हे कोसबाडकडेच परत जाणे होय.

अंगणवाडीच्या वास्तूविषयी मात्र शासनाने गेल्या काही वर्षांत हात मोकळा केला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. प्रारंभीची कित्येक वर्षे त्यांतील मोठी संख्या समाजमंदिरात, देवळाच्या ओवरीत, शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर सेविकेच्याच घरात भरत असे. २०१६ च्या सुमारास ग्रामीण रोजगार हमीच्या निधीशी सांगड घालून एका अंगणवाडीच्या इमारतीसाठी ७ लाख रुपयांचा आराखडा झाला. त्यांत ५ लाख रोजगार हमीचे आणि २ लाख बालविकास योजनेचे. २०२२ मध्ये ही रक्कम १२ लाखांवर गेली, त्यांत ८ लाख रोजगार हमीचे, २ लाख पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून आणि २ लाख केंद्र व राज्य यांनी वाटून द्यावयाचे. किमान ६०० चौरस फुटांची वास्तू, तीत बसण्याची खोली, स्वयंपाकाची जागा, कोठी आणि बालकांस योग्य असे शौचालय. योजना चांगली आहे. परंतु रोजगार हमी ही ग्रामीण योजना. मुंबईच्या झोपडवस्तीतील, पुण्या-नाशिकच्या कामगार वसाहतींतील अंगणवाडीस तिचा आधार नव्हता. शहरात जमीनच नाही, आणि जेथे आहे तेथे १२ लाखांत काय होते, हे या सभागृहातील कोणासही सांगावयास नको. म्हणून शहरातील अंगणवाडी आजही बहुतांशी भाड्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत भरते आणि शासकीय भाडे येण्यास विलंब झाला की सेविका घरमालकाची बोलणी खाते.

येथवर भारताचा हिशेब झाला. ज्या देशाने शासकीय भांडवल आधी सामुदायिक संस्थांस दिले, नंतर खासगी उद्योगास वाट करून दिली, आणि दोहोंची फळे डोळ्यांनी पाहिली, असा देश म्हणजे ऑस्ट्रेलिया. त्याची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

१९७२ साली पंतप्रधान मॅकमहोन यांच्या कारकिर्दीत तेथे बालसंगोपन कायदा झाला. त्याने केंद्र शासनास प्रथमच पाळणाघरांसाठी पैसा देण्याचा अधिकार मिळाला, आणि तो पैसा जमीन, इमारत व साहित्य यांसाठी अनुदान म्हणूनही देता येऊ लागला. अट एकच, की घेणारी संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी. नगर परिषदा, चर्चच्या संस्था, पालकांनी स्थापिलेली मंडळे यांनी या पैशातून केंद्रे उभारली. वाढ संथ होती, कारण शासन जेवढे बांधेल तेवढेच उभे राही; पण जे उभे राही ते समाजाच्या मालकीचे राही. पुढे नोकरी करणाऱ्या मातांची संख्या वाढली, प्रतीक्षायाद्या लांबल्या आणि शासनास घाई झाली. १९९१ च्या जानेवारीपासून पालकांस मिळणारी शुल्कसवलत खासगी केंद्रांतील मुलांनाही लागू करण्यात आली. तर्क असा, की इमारत उद्योजक बांधेल, शासनाने केवळ पालकाच्या शुल्काचा वाटा उचलावा; भांडवलाचा खर्च वाचेल. आणि खरोखर इमारती भराभर उभ्या राहिल्या. काही वर्षांतच खासगी जागांनी सामुदायिक जागांस पुष्कळ मागे टाकले. १९९६ च्या अर्थसंकल्पात सामुदायिक केंद्रांचे चालू अनुदानही १९९७ पासून बंद करण्याचे ठरले. आता सर्व जण एकाच बाजारात उभे होते.

या बाजारातून एबीसी लर्निंग ही कंपनी वाढली. १९८८ मध्ये ब्रिस्बेन शहरात एका केंद्रापासून आरंभ, २००१ मध्ये शेअर बाजारात नोंदणी तेव्हा ४३ केंद्रे, आणि २००८ मध्ये एकट्या ऑस्ट्रेलियात हजाराहून अधिक. लाखाहून अधिक मुले एका कंपनीच्या छताखाली. छत मात्र बहुतेक ठिकाणी तिचे नव्हतेच. इमारती मालमत्ता-गुंतवणूकदारांच्या, कंपनी भाडेकरू. ताळेबंदातील मोठा हिस्सा होता केंद्रे विकत घेताना परवान्यांपोटी दाखविलेल्या किमतीचा. ज्याने कधी ताळेबंद वाचला आहे त्यास यातील धोका चटकन कळेल. मालमत्तेच्या बाजूस विटा-चुना नाही, जमीन नाही. आहे तो परवाना, आणि त्याची किंमत शासनाची सवलत चालू राहील या विश्वासावर उभी. देण्याच्या बाजूस मात्र बँकांचे कर्ज, आणि ते अगदी खरे. ६ नोव्हेंबर २००८ रोजी कंपनी प्रशासकांच्या हाती गेली.

कापडाची पेढी बुडाली तर गिऱ्हाईक शेजारच्या पेढीवर जाते. हजार पाळणाघरे एका दिवसात बुडाली तर लाखभर आईबापांनी सोमवारी सकाळी कोठे जावे? शासनास क्षणात उत्तर द्यावे लागले. वर्षअखेरपर्यंत केंद्रे चालू ठेवण्यासाठी २ कोटी २० लाख डॉलर दिले गेले. २४१ केंद्रे तोट्यातली म्हणून वेगळी काढण्यात आली. त्यांच्यासाठी पुन्हा निधी द्यावा लागला आणि काही केंद्रे अखेर बंद झाली. जे भांडवल १९९१ मध्ये वाचविले असे वाटले होते, ते असे निराळ्या वाटेने तिजोरीतून गेलेच; आणि या वेळी त्या बदल्यात सरकारच्या नावावर एक वीटही नव्हती.

शेवट मात्र उद्बोधक आहे. चार धर्मादाय संस्था एकत्र आल्या, त्यांनी ‘गुडस्टार्ट’ ही ना-नफा संस्था स्थापन केली आणि २००९ च्या अखेरीस साडेसहाशेहून अधिक केंद्रे घेण्याचा करार केला. व्यवहार सुमारे साडेनऊ कोटी डॉलरचा. त्यात शासनाचे कर्ज केवळ दीड कोटी. बाकीचे बँकेचे कर्ज, संस्थांचे स्वतःचे पैसे आणि काही सधन सद्गृहस्थांची गुंतवणूक. शासनाने मूठभर भांडवल योग्य वेळी, योग्य हाती, आणि तेही परतफेडीच्या अटीवर दिले, म्हणून बाकीचे जमले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये तेथील शासनाने नवी केंद्रे बांधण्यासाठी एक अब्ज डॉलरचा निधी घोषित केला आणि त्यात ना-नफा संस्थांस प्राधान्य दिले. बावन्न वर्षांनी गाडी पुन्हा १९७२ च्या स्थानकावर आली.

यावरून खासगी पाळणाघरे वाईट असा अर्थ कोणी काढू नये. महाराष्ट्राच्या शहरांत आज जी शेकडो लहान पाळणाघरे आहेत ती बहुतांशी गृहिणींनी आपल्या राहत्या घरात चालविलेली आहेत. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू किंवा आजी दहा-बारा मुले सांभाळतात, म्हणून दोन्ही आईबाप नोकरीस जाऊ शकतात. त्यांचे उपकार मोठे आहेत. त्यांना शासनाचे भांडवली अनुदान नाही. फार तर २०१५ पासून मुद्रा योजनेचे कर्ज. अशा बाईस जमीन वा इमारत द्यावी असे कोणी म्हणणार नाही, कारण ती मालमत्ता उद्या तिच्या वारसांची होईल. परंतु खिडक्यांस जाळी, अग्निशामक साधन, लहान मुलांच्या उंचीचे शौचालय, जिन्यास फाटक एवढ्यासाठी पंचवीस-तीस हजारांचे साहाय्य, आणि त्या बदल्यात नोंदणी व वर्षातून एकदा तपासणी, हा सौदा दोन्ही पक्षांस परवडणारा आहे. खासगी हाती अचल मालमत्ता देऊ नये, सुरक्षिततेचे साहित्य अवश्य द्यावे, अशी रेषा ओढता येते.

सार्वजनिक विश्वस्त संस्थांची गोष्ट निराळी. महाराष्ट्राच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे कलम ३६ येथील विश्वस्तांस तोंडपाठ असते, कित्येकदा त्रासामुळेच. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून संस्थेची स्थावर मालमत्ता विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. कागदपत्रांचे हेलपाटे घालताना हे कलम डोकेदुखी वाटते. परंतु शासनाच्या दृष्टीने पाहिले तर ऑस्ट्रेलियास ज्याची उणीव भासली ते हेच कुलूप होय. येथे दिलेले भांडवल बाजारात जाऊ शकत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीबाबतही २०२१ च्या जानेवारीत नियम झाला, की त्यातून निर्माण होणारी भांडवली मालमत्ता कंपनीने स्वतःच्या नावे ठेवू नये. ती नोंदणीकृत ना-नफा संस्थेच्या, लाभार्थींच्या गटांच्या किंवा सार्वजनिक प्राधिकरणाच्या नावे असावी. तत्त्व तेच.

आणि येथे समाजाच्या दातृत्वाचा विषय येतो. दात्यास इमारत आवडते. कोनशिला बसविता येते, वडिलांचे नाव संगमरवरावर कोरता येते. सेविकेच्या मासिक मानधनावर कोणाचे नाव कोरता येत नाही. यात उपहास नाही, मनुष्यस्वभाव आहे. म्हणूनच गावोगावी धर्मशाळा, वसतिगृहे, सभागृहे उभी आहेत. उलट शासनाच्या पाळणाघर योजना मानधन आणि आहार देतात, वास्तू देत नाहीत. एकाकडे वास्तू आहे, चालविण्याचा पैसा नाही. दुसऱ्याकडे चालविण्याचा पैसा आहे, वास्तू नाही. पन्नास वर्षे हे दोघे एकाच गल्लीत राहत असून एकमेकांच्या दारी फारसे गेलेले नाहीत.

१९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी तंबूत पाळणाघर सुरू केले, त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था झाली आणि तिचे कार्य पुढे मुंबई-पुण्यापर्यंत आले. तिची रीत अशी, की जागा, पाणी, वीज बांधकाम करणाऱ्याने द्यावी आणि मुले संस्थेने सांभाळावीत. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर पुढच्या कामावर. बोर्डीच्या अंगणाशी नाते सांगणारी ही रीत आहे, पण तिच्यातही जागा देणारा कोणीतरी लागतोच.

ज्या विश्वस्त संस्थांची सभागृहे विवाहाचे मुहूर्त आणि उत्सव सोडले तर सोमवार ते शुक्रवार कुलूपबंद असतात, त्यांच्यापुढील काम अवघड नाही, किचकट आहे. तळमजल्याची खोली हवी, कारण आगीच्या प्रसंगी वीस तान्ही मुले जिन्यावरून उतरविता येत नाहीत. पाण्याची टाकी झाकलेली हवी. घटनेतील उद्देशांत बालसंगोपनाचा समावेश आहे का, ते प्रथम पाहावे; नसेल तर बदल करून घ्यावा. महिला व बालविकास खात्याशी करार करताना वीजबिल कोण भरणार आणि डागडुजी कोणाची, हे दोन मुद्दे लेखी असावेत, कारण चांगली नाती बहुधा याच दोन मुद्द्यांवर तुटतात. विवाहाच्या हंगामात मुलांस बाहेर काढले जाणार नाही, हेही त्याच कागदावर यावे. सभागृहाच्या भाड्याचे वर्षाचे जे दहा-पंधरा दिवस त्यामुळे बुडतील त्यांचा आकडा विश्वस्तांनी आधीच काढून ठरावासोबत जोडला, तर पुढे कोणत्याही वार्षिक सभेत त्यावर वाद उरणार नाही.